फोनवर येणारं नाव

केवळराम नान्हे कावीळ होऊन वारला, तरी मोहाडीच्या आठवडी बाजारात विकलेल्या मासोळीचे पैसे त्याच्याच खात्यात जमा होत राहिले. उलट आता त्यातून त्याच्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचे पैसे जात नसल्यामुळे त्याची शिल्लक कधी नव्हे एवढी वाढली.

तेरवी झाल्यावर त्याची बायको सखाबाई पुन्हा रोहू आणि झिंगे घेऊन बाजारात बसली. बर्फाच्या पेटीवर पैसे टाकायचा कोड चिकटवलेला होता, शेजारी पैसे आले की बोलणारा डबा. दोन्ही केवळरामनंच हौसेनं आणलेले. पहिलं गिऱ्हाईक दादाजी गुरुजी. गुरुजींना शाळेतून रिटायर होऊन जमाना झाला होता, पण दिसेल ते मोठ्यानं वाचायची सवय सुटली नव्हती. औषधाची एक्स्पायरी डेटसुद्धा ते मेडिकलवाल्याला वर्गात ऐकवल्यासारखी ऐकवत. त्यांनी कोडवर फोन धरला आणि वाचलं, "केवळराम नान्हे. बरोबर ना?"

मग त्यांच्या ध्यानात आलं. चेहरा पडला.

"बरोबर," सखाबाई म्हणाली.

आणि तिला जरा बरं वाटलं. घरी आता ते नाव कोणी घेत नव्हतं. पोरगी खुशबू 'बाबा' म्हणे. सासू 'माहा लेक' म्हणून रडे. गावातले तर नुसता हात वर दाखवत. सखाबाईनं स्वतः ते नाव आयुष्यात एकदाच घेतलं होतं, लग्नात, बायांनी दार अडवल्यावर, उखाण्यात. त्यानंतर नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून घेतलं नाही, आणि 'अवो' एवढ्यावर संसार झाला. तो होता तोवर काही अडलं नाही. आता मात्र ते नाव तिच्या कानावर पडायला मासोळीच्या पेटीखेरीज दुसरी जागा उरली नव्हती.

"आई, बँकेत बाबाच्या मृत्यूचा दाखला दे न," खुशबू मागं लागली. "पैसे अडकून राहिले. तुह्या नावाचा कोड भेटते."

"देईन न. काय घाई आहे?"

इकडे गुरुजींनी झाला प्रकार भाजीवाल्या शकुनबाईला सांगितला. शकुनबाईला वांगी तोलता तोलता रडू आलं. "त्या बाईले किती लागत असन. दर गिऱ्हाइकाले तेच नाव."

पुढच्या बाजारापासून ती माणसं रस्त्यातच अडवू लागली. "मासोळी घेऊन राहिला काय? मंग नगद दे. तिथं फोन नको दाखवू. त्यायचं नाव येते."

माणसं भली. एरवी चहाचे पैसेही फोननं देणारे लोक मासोळीसाठी एटीएमपुढं उभे राहिले. एटीएममधून पाचशेच्याच नोटा निघत, म्हणून सुटे करायला लोक माचिस घेत. माचिस संपली तेव्हा एका टकल्या माणसानं कंगवा घेतला. फोनवरून पैसे द्या म्हणून सांगत फिरणारा बँकेचा पोरगा बुचकळ्यात पडला. त्यानं शकुनबाईला विचारलं, "मावशी, इथं सगळे नगद काहून देतात?"

"नेटवर्क नाही," शकुनबाई म्हणाली, आणि फोनवर चाललेली सिरियल पुढं पाहू लागली.

डबा मुका झाला. सखाबाईनं कोड पदरानं पुसला. पेटी फिरवून कोडाची बाजू दर्शनी ठेवली. सुटे नाहीत म्हणून सांगून पाहिलं, तर लोक म्हणत, "राहू दे न बाई वरचे." तिचा धंदा वाढत चालला आणि घास उतरेनासा झाला. एकदा लाखांदूरकडच्या एका पाहुण्यानं फोन काढला. सखाबाई पुढं वाकली. तेवढ्यात बाजूनं शकुनबाईचा हात आला, हातात नोट. "याचे मी देतो." पाहुण्याला मोहाडीची माणसं फार आवडली. पुढच्या बाजाराला तो भावालाही घेऊन आला.

कोणाला काय सांगणार? माह्या नवऱ्याचं नाव घ्या, असं बाजारात बसून म्हणता येत नाही.

मग एका बाजाराला गुरुजी आले. तिनं मासोळी कापून दिली, पण पुढं केलेली नोट घेतली नाही.

"फोन काढा गुरुजी."

"राहू दे न बाई. नगद आणलं आहे मी."

"एकच रुपया टाका. पण फोननं टाका."

"सखे, कायले जिवाले लावून घेतं?" शकुनबाई तिकडून म्हणाली.

"तू वांगे इक."

गुरुजींनी फोन धरला. नाव आलं. त्यांनी बटन दाबलं आणि किती दिवसांनी डबा बोलला, एक रुपया मिळाला म्हणून.

"वाचलं नाही तुम्ही," सखाबाई म्हणाली.

"वाचलं न. मनात."

"मनात तं मी बी घेतो. मोठ्यानं वाचा."

आता कुठं गुरुजींना उमगलं. त्यांनी चष्मा पुसला, घसा साफ केला, ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "कैलासवासी केवळराम नान्हे."

आजूबाजूच्या बाया तोलायच्या थांबल्या.

सखाबाई त्यांच्याकडे पाहत राहिली. "तसं लिहून आहे काय तिथं?"

गुरुजींनी फोनमध्ये पुन्हा पाहिलं. नसलेलं वाचायची त्यांना सवय नव्हती. "नाही. तसं नाही लिहून."

"मंग काहून लावलं? जेवढं लिहून आहे तेवढंच वाचा न."

गुरुजींनी तोंड उघडलं. केवळराम चौथीत त्यांच्या वर्गात होता. रोज सकाळी हजेरीत त्यांनी ते नाव नुसतंच घेतलं होतं, आगंमागं काही न लावता, आणि मागच्या बाकावरून 'हजर' आलं होतं. आज ओठ हलले, आवाज निघाला नाही. त्यांनी नोट तराजूखाली सरकवली आणि मासोळी तिथंच विसरून एसटी स्टँडकडे चालू लागले.

सखाबाईनं त्यांना हाक मारली नाही. कापलेली मासोळी तिनं पेटीत ठेवली आणि वर बर्फ लोटला.