शाफ्टवरची पांढरी रेघ

"सरळ आहे," फोरमन म्हणाले. "बसवून टाक."

जुन्या गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलमधून काढलेला शाफ्ट शेडमधल्या बाकावर आडवा होता. त्यांच्या मुलीने त्या गाडीत तिप्पट ताकदीचं इंजिन बसवलं, तेव्हाच त्यांनी बजावलं होतं, "इंजिनाचं कौतुक सगळेच करतात. तो जोर शेवटी या दांड्याच्या मानगुटीवर बसतो." म्हणून शाफ्टवर या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी पांढऱ्या रंगाची सरळ रेघ ओढून घेतली होती. घाटात चार फेऱ्या मारायच्या, शाफ्ट काढायचा, रेघ पाहायची. रेघ तिरपी झाली, तर पोलादाला पीळ बसला. आज ना उद्या ते तुटणार आणि चाक गाडीला सोडून जाणार. रविवारी मुलगी हीच गाडी घेऊन घाटातल्या शर्यतीत उतरणार होती.

मुलगी हातातलं फडकं धरून तशीच उभी राहिली.

"बाबा, नीट बघा ना."

"चाळीस वर्षं कार्यशाळेत दुसरं काय केलं? पोरांच्या कामातली केसभर चूक दारातून ओळखायचो!"

ते खोटं नव्हतं. पण दारातून येणारं दुपारचं ऊन हल्ली त्यांना दुधात कालवल्यासारखं दिसे. गाडी तळ्याच्या तळाशी निजलेल्या मोठ्या माशासारखी वाटे. माणसांच्या कडा हळूहळू हवेत विरघळत. त्यात एक सुखही होतं. जणू जगाचे सगळे कोपरे कुणीतरी कानशीने गोल करून दिले होते. घरात त्यांनी याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. शाफ्टवर पांढरं काहीतरी आहे, एवढं त्यांना दिसत होतं. ते सरळ असणारच. हा शाफ्ट तरुणपणी त्यांनी स्वतः लेथवर घडवला होता.

"आई म्हणते तेच खरं. तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

"मग?"

मुलीने त्यांचा अंगठा धरला आणि शाफ्टच्या जाड टोकाशी, रंगाच्या उंचवट्यावर टेकवला.

"चला आता. त्या टोकापर्यंत."

नख निघालं. मध्यावर हाताची चाल आणि रंगाची वाट वेगळी झाली. त्या टोकाला कोरलेल्या दात्यांपाशी पोचेतो नख शाफ्टच्या कुशीवरून बोटभर खाली उतरलं होतं.

त्यांनी अंगठा परत जाड टोकाशी नेला आणि तीच वाट पुन्हा चाचपली. उन्हात धूळ संथपणे तरंगत होती.

"कधीपासून, बाबा?"

"वर्ष झालं असेल. काच मळली असेल म्हणून रोज चष्मा पुसायचो." त्यांनी चष्मा काढून बाकावर ठेवला. "पोरी, मी तुला बसव म्हणालो."

"म्हणालात. मी बसवला का?"

"आईला मात्र मी सांगेन."

"सांगा. आणि बोलणीही तुम्हीच खा."

शनिवारी नवा शाफ्ट आला. जुन्याहून जाड, मिश्र पोलादाचा. मापल्याशिवाय ते तो गाडीला लागू देणार नव्हते. त्यांनी मायक्रोमीटरचे जबडे शाफ्टला टेकवले, दोन बोटांनी टोकाची मूठ टकटक वाजेपर्यंत फिरवली आणि तिसऱ्या टकटकीला नेमके थांबले. मायक्रोमीटर डोळ्यांकडे नेता नेता हात मध्येच थबकला. त्यांनी मायक्रोमीटर मुलीपुढे धरला.

"वाच."

"तेहतीस पूर्णांक शून्य दोन."

"बरोबर," ते म्हणाले आणि पुढच्या मापासाठी त्यांनी शाफ्ट फिरवला.