हरणाचं मुंडकं

वेन गॉट्सचं नाव काढलं की सायरिल लार्टरच्या तळपायाची आग मस्तकात जायची. जाणार नाही तर काय? थर्टलबाईंच्या कुरणात मेटल डिटेक्टर, म्हणजे मातीतला धातू हुडकणारं यंत्र, फिरवायची परवानगी इतकी वर्षं एकट्या सायरिलला होती. याच कुरणात त्याला चांदीच्या जुन्या ब्रोचचा, म्हणजे कपड्यावर लावायच्या नक्षीदार पिनेचा, तुकडा सापडला होता. त्यावर हरणाचं धड होतं, मुंडकं गायब. ते मुंडकं इथंच कुठंतरी मातीत आहे, या एका आशेवर गडी म्हातारा होत आला. आणि आता हा वेन बाईंना सफरचंदाच्या दारूची बाटली देऊन आत घुसला!

बरं, काम तरी धड? खड्डा उकरायचा, माती चौफेर उधळायची, वरून बुटानं दोन लाथा हाणल्या की झालं.

"काका, खड्डा बुजवताय की बाळ निजवताय?" असं वर खिदळायचा मेला.

रविवारी वेन कुरणात फिरून गेला. सोमवारी भल्या सकाळी सायरिल आला, कुंपणापासून जरा आत चार-पाच खड्डे काढले आणि मुद्दाम उघडे ठेवले. आता भोग म्हणावं आपल्या कर्माची फळं!

दुपारी बाईंचा फोन आला. "असशील तसा ये." सायरिल शीळ घालत गेला.

एक मेंढी खड्ड्याशेजारी मरून पडली होती. पाय पार मोडलेला; बाईंनाच गोळी घालावी लागली होती. वेन मान खाली घालून उभा.

"आईशप्पथ, मी नाही केलं," तो पुटपुटला.

"नाही कसं? बाई, माकडाच्या हातात कोलीत दिलंत तुम्ही!" सायरिलला चेव चढला. "हाकला आधी याला."

"हाकलणारच आहे. आधी हा खड्डा बघ." बाईंनी काठी टेकवली. "यातली माती कुठाय?"

सायरिलनं वाकून पाहिलं. खड्ड्याभोवती मातीचा कण नव्हता. हाताच्या सवयीनं त्यानं प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर माती काढली होती, आणि जाताना ती कुंपणाखाली नेऊन झटकली होती. मातीखाली गवत मरतं, ते त्याला बघवत नसे. कापलेली गवताची खापसुद्धा मुळं खाली करून शेजारी नीट ठेवलेली.

"या वेनच्या सात पिढ्यांत कुणी कागद अंथरला नसेल," बाई म्हणाल्या. "याला घालवायला माझं जित्राब मारलंस तू. लाज नाही वाटली?"

"चुकलो, बाई. एकदा माफ करा. माझं हरीण..."

"खड्ड्यात गेलं तुझं हरीण! पुन्हा फाटकात पाऊल टाकलंस तर कुत्री सोडीन अंगावर. आणि तो कागद ठेव इथं. याला शिकवते मी."

खिशातला कागद काढून टराटरा फाडावा असं सायरिलला वाटलं. पण हातांनी सवयीनं त्याची घडीच घातली. वेननं ती घेतली.

सायरिल रस्त्यावर गाडीत किती वेळ नुसताच बसून राहिला. गाडी सुरू करणार, तोच कुरणातून वेनच्या यंत्राचा आवाज आला. लांब, स्वच्छ. असा आवाज चांदीचाच.

त्यानं वळून पाहिलं. वेन गुडघ्यांवर बसून आधी कागद अंथरत होता.