नऊ मुलांची आई

“मेल्यावर सहा मुलं! सहा!” माडीवरून वेंडेल ओरडला. “आर्लीन, ऐकलंस का? बाईला परत मेल्यावर सहा मुलं झाली!”

शनिवार होता. ओव्हनमध्ये घेवडा मंद शिजत होता आणि मी काळा पाव डब्यातून सोडवत होते. मी वर न बघताच विचारलं, “आता कुणी केला हा उद्योग?”

“आयोवातली कुणी डॉट म्हणून आहे. परवा मी दुरुस्त करून झोपलो, काल हिने पुन्हा होतं तसं करून ठेवलं. वर मला लिहिते, ‘काका, पुस्तकात असंच आहे.’ काका म्हणे!”

“खाली ये आणि जेव आधी. सोमवारी पुन्हा मार तिला.”

मारायची म्हणजे डॉटला नव्हे, मेहिटेबलला. गेली सहा वर्षं आमच्या घरात हेच चाललं आहे. वेंडेलच्या लॅथबरी घराण्याचा मूळपुरुष जोसाया तीनशे वर्षांपूर्वी याच गावात शेती करत होता. मेहिटेबल त्याची बायको. तिचा बाप कॅप्टन ऑल्डरिज, अगदी पहिल्यावहिल्या जहाजांतून आलेला बडा माणूस. तीन मुलं झाल्यावर मेहिटेबल बाळंतपणात गेली, आणि वर्षाच्या आत जोसायाने पाद्र्याच्या घरी धुण्याभांड्याला असलेल्या जेरुशा क्रेनशी लग्न केलं. पुढची सहा मुलं जेरुशाची. आज जेवढे म्हणून लॅथबरी हयात आहेत, ते सगळे या सहांतल्या एका मुलाच्या वंशातले. चर्चच्या नोंदींत मेहिटेबलचा मृत्यू आहे, जेरुशाचं लग्नही आहे. पण आजोबांच्या काळात घराण्यातल्याच एका पाद्रीबुवांनी जाडजूड कुलवृत्तांत छापला आणि नऊच्या नऊ मुलं मेहिटेबलच्या ओटीत घातली. जेरुशाचं नावच नाही. आता इंटरनेटवर वंशावळ भरायला जो उठतो तो त्या पुस्तकावरून उतरवून काढतो, आणि वेंडेल एकाला दुरुस्त करेपर्यंत दुसरे दहा चुकतात.

दुसरा कुणी असता तर त्याने हात टेकले असते. पण वेंडेलने उभा जन्म औषधांचं दुकान चालवलं. चुकीची चिठ्ठी लागलेली बाटली फडताळात दिसली तर या माणसाला जेवण जात नसे.

जेवतानाही तो घेवडा नुसता इकडून तिकडे ढकलत होता. मी म्हटलं, “डॉटचं एवढं मनावर घेऊ नकोस.”

“डॉट गेली खड्ड्यात. सकाळी प्रेस्टनचा फोन होता. मेहिटेबलचा जुना दगड फुटलाय ना, म्हणून नवीन करतायत. ग्रॅनाइटचा. ‘मेहिटेबल, जोसायाची पत्नी, नऊ मुलांची आई.’ पुसता यायचं नाही गं ते. पुढची तीनशे वर्षं तसंच राहणार.”

प्रेस्टन म्हणजे आमच्या लॅथबरी कुटुंब संघाचा अध्यक्ष. विमा विकून म्हातारा झाला, तरी अजून हात मिळवला की सोडत नाही.

“मग तो काय म्हणतो?”

“तो तेच म्हणतो जे पाद्रीबुवा म्हणतात. चौथं मूल मुलगी, आणि तिचं नाव मेहिटेबल आहे. आईवरून ठेवलेलं. म्हणजे आई जिवंत होती, आणि जी मेली ती जोसाया नावाच्याच कुणा चुलतभावाची बायको. कुठली बाई आपल्या मुलीला नवऱ्याच्या पहिल्या बायकोचं नाव देईल, असं मलाच विचारतो!”

खरं सांगायचं तर मला प्रेस्टनचं पटलं. मी स्वतः दुसरेपणाची. वेंडेलची पहिली बायको ज्युडिथ गेली तेव्हा त्यांची कॅरल चार वर्षांची होती. ज्युडिथचा फोटो मी दिवाणखान्यातून कधी हलवला नाही, दर उन्हाळ्यात तिच्या थडग्यावर जिरेनियमची रोपं लावते, पण माझ्या पोटच्या मुलीला तिचं नाव द्यायचं? मेले असते तरी दिलं नसतं.

तसं मी बोलून दाखवलं. वेंडेलने काटा खाली ठेवला.

“तू नसतंस दिलं. तेव्हा देत असत. याच रस्त्यावरची चार घरं काढून दाखवतो तुला. पहिली बायको गेली, दुसरी आली, दुसरीला पहिली मुलगी झाली की तिला मेलेलीचं नाव. रीतच होती. घरात ते नाव कुणी हाक मारायला असावं म्हणून.” थोडं थांबून तो म्हणाला, “पाद्रीबुवांना रीत ठाऊक नव्हती, आणि त्या बिचारीने रीत पाळली. संपलं तिचं.”

मला एकदम रागच आला. कुणावर ते कळेना. सोळा-सतराची मोलकरीण पोर, दुसऱ्या बाईच्या चुलीपुढे उभी राहिलेली, दुसऱ्या बाईची तीन पोरं सांभाळणारी, आणि पहिली मुलगी झाल्यावर तिला दिवसभर त्याच बाईच्या नावाने हाक मारणारी. आणि त्याचं बक्षीस म्हणून ती मुलगीसुद्धा त्या बाईच्या नावावर चढवलेली. त्या दिवसापासून मी वेंडेलच्या बाजूने झाले.

दगडावर काय कोरायचं ते एप्रिलमधल्या सभेत ठरायचं होतं. संघात मोठा वट आहे तो माझ्या नणंदेचा, बर्निसचा. ती चौऱ्याऐंशीची. तिने हात वर केला तर निम्मी म्हातारी मंडळी करतील, म्हणून आम्ही सभेआधी तिच्याकडे गेलो. तिने चहा केला, वाळवंटासारखी कोरडी बिस्किटं काढली, आणि वेंडेलने तोंड उघडायच्या आत म्हणाली, “नाही.”

“अगं, ऐकून तरी घे.”

“मला प्रेस्टनने सगळं सांगितलंय. तू म्हणतोस ते खरं असेलही. तू लहानपणापासून खरंच बोलतोस, म्हणून तुला मित्र नव्हते.”

“बर्निस, ती आपली आजी आहे. आपलं रक्त जेरुशाचं आहे, कॅप्टनचं नाही.”

बर्निसने स्वेटरवरच्या बिल्ल्यावर हात ठेवला. निळ्या मिन्यातलं छोटं जहाज. पहिल्या जहाजांच्या वारसांचं एक मंडळ आहे, त्याचा तो बिल्ला. ऑल्डरिजच्या वंशातले म्हणून आमच्या कितीतरी लॅथबऱ्यांना तिथे प्रवेश मिळाला आहे.

“हे बघ,” ती म्हणाली. “मी टेलिफोन ऑफिसात पोरगी म्हणून शिरले आणि म्हातारी होऊन बाहेर पडले. ‘नंबर सांगा’ याच्यापलीकडे मला कुणी बोलू दिलं नाही. लग्न झालं नाही. चाळिशीत मला या मंडळाने घेतलं आणि डॉक्टरांच्या, जजसाहेबांच्या बायका माझ्या शेजारी बसून जेवायला लागल्या. त्यांतल्या आता तिघी उरल्यात. महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी आम्ही जेवतो. तू तुझी मोलकरीण दगडावर चढव, आणि मला या वयात तिथून उठवतील. मग मी बुधवारी काय करू? तुझ्याकडे येऊन वंशावळ वाचू?”

मला वाटलं होतं वेंडेल हुज्जत घालेल. पण त्याने कोरडं बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून आत पडलं, आणि तो चमच्याने ते शोधत बसला.

गाडीत मी म्हटलं, “सोडून द्यायचं का?”

“ते खोटं आहे, आर्लीन.”

“तिला त्रास होईल.”

“मला दिसत नाही का ते?” तो माझ्यावर खेकसला.

सभा चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये. आधी जेवण, मग कामकाज, असं आमच्याकडे असतं, आणि टेबलावर फळं भरून भाजलेल्या गोड पाई मांडून ठेवलेल्या असल्या की कामकाज लवकर उरकतं. वेंडेलने त्या चार घरांची माहिती सांगायला सुरुवात केली. कोण कधी वारली, दुसरी कधी आली, मुलीचं नाव काय ठेवलं. तो वाईट बोलतो. कफाच्या औषधाचा डोस समजावून सांगावा तसा. दुसऱ्या घरापर्यंत येता येता मागच्या टेबलावर कुजबुज सुरू झाली, तिसऱ्याला कुणीतरी रूबार्बच्या पाईवरचं झाकण काढलं.

प्रेस्टन मोठ्या प्रेमाने म्हणाला, “वेंडेल, दोस्ता, तुझ्या मेहनतीला सलाम. पण साधी गोष्ट बघ ना. इथे एवढ्या बायका बसल्यात. बायांनो, तुम्हीच सांगा, सवतीचं नाव पोटच्या पोरीला कोण देईल?”

हॉल हसला. मी कधी सभेत बोललेली नाही. उठले कशी ते मलाही ठाऊक नाही.

“मी दिलं नसतं,” मी म्हटलं. “मी दुसरी बायको आहे, तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. माझं मन तेवढं मोठं नाही. तिचं होतं. तिने मेलेलीचं नाव घरात राखलं, आणि तेवढ्यावरून तुम्ही तिलाच घरातून काढताय.”

हसू थांबलं. क्षणभर मला खरंच वाटलं की जमलं. मग प्रेस्टनच्या मेव्हण्याने मागून विचारलं, “पण मग आमच्या वारसाच्या प्रमाणपत्रांचं काय?” आणि एकदम सगळे बोलायला लागले. नातवाने यंदाच अर्ज केलाय, मुलीला त्या मंडळाची शिष्यवृत्ती आहे, आणि तीनशे वर्षांनी हे उकरून कुणाचं भलं होणार आहे? हात वर करायला सांगितलं तेव्हा आमच्या बाजूने मी, वेंडेल आणि दोन-तीन तरुण पोरं. बर्निस पहिल्या रांगेत दोन्ही हात पर्सवर ठेवून बसली होती. तिने ते उचलले नाहीत. मग सगळ्यांनी पाई खाल्ली. आम्हीही खाल्ली, कारण न खाता निघून जायची आमच्याकडे पद्धत नाही.

त्यानंतर वेंडेलने माडीवरचा संगणक उघडला नाही. माझी कटकट गेली म्हणून मी खूश व्हायला हवं होतं. तो दिवसभर गॅरेजमध्ये खिळे-स्क्रू मापाप्रमाणे वेगळे करत बसे आणि मला ते बघवत नसे.

ऑगस्टमध्ये दगड बसवला. जुन्या दफनभूमीत झाडून सगळे लॅथबरी जमले, लिंबूपाण्याचे पिंप, घडीच्या खुर्च्या, पोराबाळांची पळापळ. वेंडेल यायलाच तयार नव्हता. मी त्याला अक्षरशः ओढून आणला. नव्या दगडावरची चादर ओढली, टाळ्या झाल्या. गुळगुळीत ग्रॅनाइट, आणि अक्षरं अशी खोल की आंधळ्यालाही बोटांनी वाचता यावीत. नऊ मुलांची आई.

बर्निस काठी टेकत आमच्याकडे आली. बिल्ला लावलेला होताच.

“झालं ना तुझं रुसणं?” ती वेंडेलला म्हणाली. मग तिने हळू आवाजात विचारलं, “आणि ती कुठे आहे? तुझी ती.”

वेंडेलने हनुवटीने दाखवलं. मधे जोसायाचा कललेला जुना दगड, त्याच्या डाव्या हाताला मेहिटेबलचा नवा. उजव्या हाताला जमीन लांबट खचलेली होती, आणि डोक्याशी शेतातून उचलून आणलेला एक ओबडधोबड धोंडा गवतात अर्धा बुडालेला. त्याच्यावर अक्षर नव्हतं, कधीच नव्हतं. “पुरावा नाही,” वेंडेल म्हणाला. “पण नवऱ्याच्या शेजारी दुसरं कोण असणार?”

तेवढ्यात प्रेस्टनने फोटोसाठी हाका मारल्या. शहरातून आणलेला फोटोवाला शिडीवर चढला आणि सगळ्यांना तिन्ही दगडांच्या आजूबाजूला, पुढे-मागे उभं करायला लागला. बर्निस सगळ्यांत वडील, म्हणून तिला मधे बोलावलं. ती गेली आणि खचलेल्या जमिनीच्या काठाशी थांबली.

“आजी, थोडं उजवीकडे,” फोटोवाला म्हणाला. “मधली जागा भरा.”

ती हलली नाही.

“बर्निस, एक पाऊल पुढे टाक, राणी,” प्रेस्टन ओरडला. “सगळे उन्हात उभे आहेत!”

एक धाकटी सून तिला ओलांडून त्या जागेवर उभी राहायला निघाली. बर्निसने काठी आडवी धरली.

“तिथे नको.”

“का? काय झालं?”

“तिथे आपल्यातलं माणूस आहे खाली,” बर्निस म्हणाली. “मी घरच्या माणसाच्या अंगावर उभी राहत नाही. तूही राहायचं नाहीस.”

कुणी हसलं नाही. सून मागे सरकली. तिच्या मागचे सरकले, त्यांच्या मागचेही. वेंडेल माझ्या शेजारी होता. तो माझा हात सोडून गेला आणि त्या जागेच्या पलीकडच्या काठाला जाऊन उभा राहिला. भावाबहिणींनी एकमेकांकडे बघितलं नाही. दोघं समोर बघत होती.

फोटोवाल्याने पुन्हा एकदा सांगून पाहिलं आणि नाद सोडला. फोटो तसाच निघाला. दोन्ही बाजूंना माणसांची दाटी, आणि मधे एक बाई मावेल एवढं गवत.