उणे सात वर्षं

धाकटीच्या कपाटातल्या प्रत्येक धुतलेल्या कापडाचा एक कोपरा तिरका कापलेला असे. काप अगदी लहान, करंगळीच्या नखाएवढा. सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरमागे तीन-चार सेंटीमीटर आटतं, आणि गडद लाल असेल तर शेजारच्या पांढऱ्यालाही गुलाबी करून सोडतं. म्हणून गोधडीला लावण्याआधी ते धुवायचं, वाळवायचं, इस्त्री करायची आणि खूण म्हणून कोपरा छाटायचा. कोपरा शाबूत असेल तर कापड अजून पाण्यात गेलेलं नाही, म्हणजेच ते नुकतंच दुकानातून आलेलं आहे. ही खूण तिनं स्वतःच्या सोयीसाठी काढली होती. ती आपल्याच अंगाशी येईल हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

कारण थोरली बहीण दर शनिवारी चारच्या सुमाराला येई आणि आल्या आल्या कपाट उघडून कोपरे बघे.

"अकरा," ती म्हणे. "मागच्या शनिवारी आठ होते."

"त्यातले दोन जुनेच आहेत गं, खाटेखाली राहून गेले होते."

"आणि तिसरा?"

"तिसऱ्याचा शेवटचाच तुकडा उरला होता दुकानात. एकटाच पडला होता बिचारा."

"अनाथाश्रम काढलायस का, चिंधे?"

चिंधी हे धाकटीचं लहानपणापासूनचं नाव, आणि आता पासष्टीत ते बदलण्याची काही चिन्हं नव्हती. तिची सगळी नोकरी पिण्याचं पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत गेली. बाटलीवर तारीख, ठिकाण, वेळ लिहिल्याशिवाय बाटली पुढे सरकवायची नाही, ही सवय हाडीमासी खिळलेली. निवृत्त झाल्यावर तिनं तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांपैकी मोठी खोली कापडाला दिली आणि स्वतःची खाट लहान खोलीत नेली. थोरलीनं चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. मुली पाठीमागे तिला कर्कटक म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

थोरलीचं घर तळमजल्यावर, मागे छोटं अंगण, आणि दोन खोल्या रिकाम्या. सव्वा वर्षापूर्वी एका शनिवारी ती सरळ म्हणाली होती, "चिंधे, तू एकटी, मीही एकटी. माझे गुडघे गेलेत, तुझे जायचेत. माझ्याकडे राहायला ये."

धाकटीला तिथल्या तिथे नाही म्हणता आलं नाही. लहानपणी पहिली सुई थोरलीनंच तिच्या हातात दिली होती, आणि एरवीही थोरलीला नाही म्हणायचा सराव तिला नव्हता. ती म्हणाली, "एवढं कापड घेऊन कुठे येऊ? आधी हे संपू दे."

वेळ मारून नेण्यापुरतं बोललेलं ते वाक्य. पण गणिताची बाई अट म्हटली की अट मानते. त्या दिवसापासून थोरली हिशेब ठेवू लागली. वर्षभरानं तिनं तो वाचून दाखवला.

"वर्षात तू वापरलंस एकतीस मीटर. आणलंस चव्वेचाळीस. आज शिल्लक आहे एक्क्याण्णव. भागाकार केला तर तू माझ्याकडे उणे सात वर्षांनी येशील."

"म्हणजे?"

"म्हणजे सात वर्षांपूर्वीच यायला हवी होतीस!"

दोघी पोट धरून हसल्या. त्यानंतर धाकटीनं कानाला खडा लावला आणि तीन आठवडे दुकानाच्या रस्त्यानंही गेली नाही. चौथ्या आठवड्यात ये रे माझ्या मागल्या.

त्यात किटची भर. किट म्हणजे खोका. झाकणावर तयार गोधडीचं चित्र, आत नेमक्या मापाचे तुकडे आणि कुठला तुकडा कुणाला जोडायचा त्याचा तक्ता. कपाट भरून कापड असताना किट आणणं म्हणजे घरी स्वयंपाक तयार असताना बाहेर जेवायला जाणं, असं थोरलीचं मत. धाकटीकडे चौदा किट होते आणि शिवून झालेले दोन. पण खोका हातात घेतला की चित्रातली गोधडी आपण जवळजवळ शिवलीच, असं तिला वाटे. उरलेलं काम मग किरकोळ.

इकडे दोन महिन्यांपासून एक नर्स थोरलीकडे त्या रिकाम्या खोल्या भाड्यानं मागत होती. "माझी बहीण यायचीय," असं सांगून थोरली तिला थांबवत होती. धाकटीला हे कळल्यापासून दर शनिवारी चहा कडू लागे.

त्या शनिवारी सकाळी ती एकाच कामाला बाहेर पडली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: पांढरा दोरा, एक रीळ. दुकानवालीनं तिला बघितलं आणि काउंटरखालून एक खोका वर ठेवला. निळे-हिरवे त्रिकोण, एकमेकांना टेकून उभे, जणू पाण्यावरच्या लाटा.

"तुमच्यासाठीच बाजूला काढलाय, बाई. बघून ठेवून द्या, घेतलंच पाहिजे असं नाही."

साडेदहाला धाकटी खोका घेऊन घरी आली. मागे एकदा एका किटमध्ये दोन तुकडे कमी निघाले होते, तेव्हापासून मोजल्याशिवाय खोका ठेवायचा नाही असा तिचा नियम. ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोजत बसली. दोनशे अठ्ठ्याऐंशी. बरोबर भरले आणि त्याच क्षणी दाराची घंटा वाजली. दुधवाला तर केव्हाच येऊन गेला होता, मग कोण? दारामागून ओळखीचा आवाज आला, "उघड गं, गुडघे दुखतायत."

चारला येणारी थोरली अकरालाच दारात! धाकटीनं खोका फ्रीजमागे सरकवला, त्रिकोण दोन्ही हातांनी गोळा केले आणि समोर पहिलं जे तोंड उघडं दिसलं त्यात कोंबले. ते कपडे धुण्याच्या मशीनचं होतं.

थोरली आत आली, टेबलाशी बसली. कपाट उघडायला गेली नाही. हे जरा विचित्रच होतं. पर्स मांडीवर घट्ट धरून ती इकडे तिकडे बघत राहिली.

"लवकर आलीस?" धाकटीनं चहा पुढे ठेवला.

"सांगते. तू बस तरी."

तेवढ्यात आतल्या खोलीत फोन वाजला. दुकानवाली होती. "बाई, तुमचा दोरा इथेच राहिलाय की!"

"हळू बोला," धाकटी कुजबुजली. का, ते तिचं तिलाच कळेना. दोरा सोमवारी नेते वगैरे सांगून ती बाहेर आली, तर टेबलावरचा टेबलक्लॉथ गायब आणि थोरली मशीनपुढच्या स्टुलावर बसलेली.

"चहा सांडला गं माझ्या हातून. डाग बसायच्या आत टाकलं धुवायला. पावडरही टाकलीय, तू काही करू नकोस."

मशीनमध्ये पाणी चढत होतं. दारावरचा लाल दिवा लागला होता, म्हणजे ते आता चाळीस मिनिटं उघडणार नव्हतं. गोल काचेमागे टेबलक्लॉथ एकदा वर आलं, आपटलं, आणि त्यामागून एक निळा त्रिकोण येऊन काचेला चिकटला. मग एक हिरवा. मग पंधरा-वीस.

थोरली वाकून बघू लागली. "हे काय? मासे पाळलेस का?"

धाकटी शेजारच्या खुर्चीत बसली. "किट आहे."

"मशीनमध्ये?"

"तू आलीस म्हणून लपवलं."

"आणि मी धुतलं!" थोरलीचा चेहरा पडला. "अगं, बंद कर ना लवकर."

"उपयोग नाही. अखंड कापड धुतलेलं चालतं, कापलेला तुकडा चालत नाही. चारी... म्हणजे तिन्ही बाजूंनी धागे सुटतात. आतापर्यंत सुटले असतील." तिनं काचेकडे निरखून पाहिलं. "सुटलेच. तो बघ, त्याला शेपूट आलंय."

थोरलीनं ते शेपूट पाहिलं आणि तिला हसू आवरेना. आधी खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "पासष्ट वर्षांची बाई," ती कशीबशी म्हणाली, "बहिणीच्या भीतीनं त्रिकोण लपवते!" धाकटीही हसली, पण तिचं हसू मधेच अडलं. थोरलीनं डोळे पुसून पर्स उघडली होती आणि एक घडी केलेला कागद काढला होता.

"हे सांगायला आले होते. काल सुतारानं काम संपवलं."

कागदावर पट्टीनं काढलेली आकृती होती. भिंत, छतापर्यंत कप्पे, प्रत्येकाची लांबी-रुंदी लिहिलेली.

"बारा कप्पे केलेत, तुझ्या खोलीत. ऊन येत नाही त्या भिंतीला, म्हणजे रंग उडायचा नाही. एकशे ब्याऐंशी मीटर मावेल."

"माझ्याकडे एक्क्याण्णवच आहे."

"पुढच्या सात वर्षांची वाढ धरलीय. वर्षाला तेरा." थोरलीनं कागद तिच्या हातात दिला. "माझंच चुकलं बघ. अट ऐकली आणि उत्तर काढत बसले. अटच कशाला हवी? कापड कशाला संपवायचं? जसं आहे तसं घेऊन ये, हवं तेवढं आणखी आण. नर्सला आज संध्याकाळी उत्तर द्यायचंय. तिला नाही म्हणून सांगते, बरं का?"

धाकटी आकृतीकडे बघत राहिली. मापं चोख होती. इतकं नीट कुणी तिच्या कापडाकडे कधी पाहिलं नव्हतं. आणि तिच्या मनात काय आलं, तर अकरा वाजता खिडकीशी उभं राहून खाल्लेली न्याहारी. जमिनीवर पसरलेले तुकडे, दोन-दोन दिवस तसेच. दिवसभर कुणी 'काय करतेस?' म्हणून विचारत नाही, ते. थोरली विचारेल. मायेनंच विचारेल, पण दर अर्ध्या तासाला विचारेल.

"मापं चुकली का?" थोरली म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "चिंधे, प्रश्न कापडाचा होता ना?"

मशीन जोरजोरात गरगरायला लागलं. टेबल थरथरलं, कपात चमचा वाजला.

"बोल की. मी काय छडी घेऊन बसलेय?"

"तू रागावशील."

"रागावेन. मग पुढच्या शनिवारी येईन. आजवर कधी चुकलाय शनिवार?"

धाकटीनं कागदाची घडी आधीसारखीच घातली आणि तो बहिणीच्या हातात परत दिला. हात मात्र सोडला नाही.

"ताई," ती म्हणाली, "मी तुझ्याकडे राहायला येणार नाही. मला माझ्याच घरात राहायचंय."