मला डॉक्टर म्हणू नका

मी एक जुनी, एका चाकाची, जागच्या जागी मारायची व्यायामाची सायकल आहे, आणि एकदा मी भर रस्त्यातून धावले होते. नाही ना पटत? आजवर कुणालाच पटलेलं नाही. पण मित्रांनो, केस कापायला तुमचा नंबर लागेपर्यंत या बाकावर बसून जांभयाच द्यायच्या आहेत, तर माझं ऐका. आधीच सांगून ठेवते, मी गोड बोलणार नाही. माझं डोकं तापलेलं आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझे सांधे जोडणारा वेल्डर म्हणाला होता, "ही पोरगी माणसांना पळवून पळवून दमवेल बघा!" कसलं काय! पहिल्या मालकिणीने मला हौसेने घरी नेलं, आठवडाभर दामटलं, आणि मग माझ्या दांडीवर एक टॉवेल वाळत पडला. टॉवेलामागून चादर आली, चादरीमागून पायजमे. इतके पायजमे, की घरातली मांजर मला कपाट समजून माझ्या पोटात व्याली. हसू नका! तुमच्याही घरात कुणाची तरी अशी अडगळ झालेली असेल, ती आठवा.

तिथून मी भंगारात गेले. भंगारातून मला ताईने उचललं. ताई म्हणजे या दुकानाच्या मालकांची, आपल्या न्हावीकाकांची लेक. रस्त्याच्या टोकाला तिचं शिलाईचं दुकान आहे.

काकांचा हात काय वर्णावा! त्यांचा वस्तरा गालावरून फिरला, की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरायला लागे. एकदा एकाच्या गालावर माशी बसली होती. काकांनी माशीची झोप न मोडता तिच्या पायाखालची दाढी उतरवली. आरशाला विचारा, तो साक्षीला होता.

त्याच हाताला कंप सुटला. आधी अंगठा, मग मनगट. पाऊल अडखळायला लागलं, आवाज खोल गेला, चेहऱ्यावरचं हसू थिजलं. डॉक्टरीणबाईंनी कंपवात सांगितला. म्हणाल्या, "हा आजार पुरता जात नाही, पण त्याला वेसण घालता येते. गोळ्या वेळच्या वेळी घ्या. आणि गोळ्यांच्या जोडीला पाय हलते ठेवा, डोकं चालतं ठेवा, झोप सांभाळा, माणसांत राहा."

जोडीला. ऐकलंत ना, त्या नेमकं काय म्हणाल्या?

पाय हलते ठेवायला ताईने मला दुकानात आणून बसवलं, आणि त्याच दिवशी वस्तरा काढून ड्रॉवरमध्ये टाकला. "बाबा, हात ठरेपर्यंत फक्त कात्री."

"वस्तरा नाही तर मी न्हावी कसला गं?" काका म्हणाले. "कुंपण छाटणारा माळी आणि मी, फरक काय राहिला?"

"माळी झालात तरी चालेल. हातात पातं नको."

काकांना काय हवं होतं, हे तेव्हाच मला कळलं. त्यांना तो वस्तरा परत हवा होता. बाकी काही नाही.

मग रोज दुकान उघडायच्या आधी आमची दोघांची कसरत चालायची. काका पायंडल मारायचे आणि ताई शेजारी उभी राहून परीक्षा घ्यायची.

"बँकेतल्या शिपायाचा भोवरा कुठे?"

"डाव्या कानाच्या वर. आणि त्याला सांगू नकोस, पण मागून चंद्र उगवतोय."

"शाळेतल्या बाईंचा?"

"त्यांना दोन भोवरे. म्हणून तर एवढ्या तापट."

पाय फिरत होते, डोकं फिरत होतं, आणि गोळ्या आपलं काम मुकाट्याने करत होत्या. हळूहळू पाऊल सुटं झालं. हात बराच ठरला. काका पुन्हा लोकांच्या टोप्या उडवायला लागले. मी खूश होते. माझ्या चेनला तेल मिळत होतं. आणखी काय हवं?

इथे विद्यापीठ आडवं आलं. विद्यापीठ म्हणजे आपल्या दुकानात येणारे एक पेन्शनर. शिक्षण कुठवर झालंय ते कुणाला ठाऊक नाही, पण शिकवणं अखंड चालू, म्हणून गल्लीने त्यांना हे नाव दिलंय. ते बाकावर मांडी ठोकून म्हणाले, "काका, गोळ्या तर तुम्ही आधीपासून घेत होता. मग नवीन काय आलं?"

"सायकल आली," काका म्हणाले.

"मग गुण कशाने आला?"

"सायकलने?"

"आता कसं बोललात! अहो, ही लोखंडाची डॉक्टरीण दुकानात उभी असताना पोटात रोज विष कशाला घालता?"

सगळा बाक माना डोलवायला लागला. "बरोबर आहे, बरोबर आहे!" एकाने तर माझ्या सीटवर शाबासकीची थाप मारली.

मित्रांनो, पायजम्यांनी माझा एवढा अपमान केला नव्हता! मी डॉक्टरीण? मला एक ब्रेक आहे, एक स्क्रू आहे, आणि एक मीटर आहे तोही बंद. मी नाडी बघते? मी तपासते? सायकल आली म्हणून गोळ्या निकामी झाल्या, हा कुठला हिशेब? उद्या भाताबरोबर आमटी आली, तर भात फेकून द्याल का? मी ओरडले, करकरले, चेन उतरवून टाकली. काका म्हणाले, "हिला तेल हवंय." आणि तेल घातलं!

खरी गोष्ट अशी, की गोळ्यांनी काकांना मळमळायचं. ते डॉक्टरीणबाईंना सांगितलं असतं, तर त्यांनी काही उपाय काढला असता. पण सांगितलं कुणाला? विद्यापीठाला! झालं. ताईच्या नकळत ड्रॉवरमध्ये गोळ्या गेल्या आणि वस्तरा बाहेर आला.

पहिली दाढी अर्थातच विद्यापीठाची. "मान माझा!" म्हणून ते खुर्चीत बसले. गळ्याभोवती कापड, दोन्ही गालांना फेस. भर दुपार होती, दुकानात तिसरं कुणी नव्हतं. एक गाल झाला, झकास झाला. काकांनी विद्यापीठाची हनुवटी वर केली, गळ्यावर पातं टेकवलं, आणि हात थांबला.

थरथरला असता तर एक वेळ कळलं असतं. तो थिजला. खांदा, मान, ओठ, सगळं थिजलं.

"का... का..." विद्यापीठ हनुवटी न हलवता म्हणाले. जे तोंड जन्मात बंद झालं नव्हतं ते बंद झालं, कारण आवंढा गिळला तरी पातं रुतत होतं. शेवटी ते कापडासकट खुर्चीतून खाली घसरले.

काका तसेच उभे. वस्तरा हवेत. डोळे तेवढे हलत होते. ते त्या हाताकडे बघत होते, जणू तो दुसऱ्याच कुणाचा हात आहे. तसे डोळे मी पुन्हा कधी पाहू नयेत.

मग मी काय केलं? मी धावले! फरशीतले बोल्ट तटातट उपटले, उंबरठ्यावरून उडी मारली, आणि निघाले. एक कुत्रं माझ्यामागे लागलं, त्याला मी दमवून बसवलं. चौकातल्या पोलिसाने मला बघून सगळी वाहतूक थांबवली. ताईच्या मशीनपुढे जाऊन मी अशी घंटा वाजवली, की तिच्या हातातली सुई वाकडी झाली. ती टांग टाकून बसली आणि आम्ही परत!

ताईने एकेक बोट सोडवून वस्तरा काढला आणि काकांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई कडाडल्या, "गोळ्या अशा अचानक बंद करतात? जिवावर बेतलं असतं!" मग त्यांनी गोळ्या पुन्हा बसवून दिल्या, मळमळीवरही तोड काढली. काका परत आले. पण हात अजून पहिल्यासारखा नाही. कात्री चालते. वस्तरा ताईकडे आहे, आणि तो परत कधी मिळेल ते डॉक्टरीणबाईही सांगत नाहीत.

म्हणून मी चिडलेली आहे! मला चालवा, तेल द्या, माझ्यावर पायजमे वाळत घालू नका. पण गोळ्यांच्या खुर्चीत मला बसवू नका. मी जोडीदारीण आहे, जोडीदारीणच ठेवा. काही बंद करावंसं वाटलं, काही त्रास झाला, तर डॉक्टरांना विचारा, बाकाला विचारू नका. आणि ते विद्यापीठ? आग लावून मोकळं! खुर्चीखाली लपून बसलं होतं, भित्रं कुठलं. धावले ती मी एकटी...

"खोटं!"

कोण ओरडलं? बाकाच्या टोकाला बसलेली, दोन वेण्यांची ती मुलगी. उठून माझ्यासमोर उभीच राहिली.

"तुझं चाक जमिनीला टेकत तरी का? तू कशी धावशील? धावले ते माझे आजोबा. अर्ध्या तोंडाला फेस, गळ्यात ते कापड, पायात चप्पल नाही. ताईच्या दारात आपटले, गुडघा फुटला त्यांचा. आणि आता काकांच्या गोळीच्या वेळेला रोज पाण्याचा पेला घेऊन कोण उभं असतं गं? तुला दिसत नाही का?"