आतल्या खोलीतला बॉक्स

"या भिंतीतून वायर जात नाही, असं सांगून टाका ना त्यांना," मी डिशवाल्याच्या कानाशी जाऊन म्हटलं. कानाशी म्हणजे आपलं मला वाटलं तसं. माझं कुजबुजणं शेजारच्या इमारतीत ऐकू जातं. उभा जन्म शिलाईच्या कारखान्यात गेला. ओळीने मशिनी धडधडत असताना शेजारणीला सुई मागायची तरी बोंब ठोकावी लागायची. कारखाना सुटला, आवाज काही खाली आला नाही.

डिशवाला शिडीवरून हसला. "आजी, वायर कुठूनही जाते. छतावरच्या छत्रीपासून दुसरी ओढायची, खिडकीच्या कोपऱ्यातून आत घ्यायची, की झालं. हॉलमध्ये त्यांचं त्यांचं, इथे तुमचं तुमचं. भांडणच नको."

"भांडण नको, तर मग घरात बोलायचं काय?"

तो परत हसला. त्याला वाटलं, म्हातारी गमतीची आहे.

झालं होतं असं, की संध्याकाळी आम्ही चौघं हॉलमध्ये टीव्हीसमोर बसायचो. मुलगा, सून, नात आणि मी. ती खुनाची मालिका लागायची. आणि मला मेलीला गप्प बसून बघता येत नाही. "अगं बाई, त्याने दिलेलं पिऊ नकोस!" "हा गोड बोलतोय ना, हाच गळा कापणार बघा!" आणि बहुतेक वेळा तोच कापायचा. कापड हातात घेतलं की कुठून उसवणार ते मला कळायचं, माणसांचंही तसंच. परवा ऐन रंगात आलेल्या भागात मी म्हटलं, "मामानेच मारलंय तिला. लिहून ठेवा." नातीने रिमोट सोफ्यावर आपटला.

"आजी, तू सगळं आधीच सांगतेस! काही मजाच राहत नाही!"

मुलगा टीव्हीकडेच बघत राहिला. सून म्हणाली, "अगं, असू दे, आजी आहे ती." आणि दुसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता मला म्हणाली, "आई, तुमच्या खोलीत वेगळा टीव्ही लावू या का? पडून आरामात बघता येईल. पाठ दुखते ना तुमची?"

पाठ दुखते, हे खरंच होतं. तिथेच तर सगळं अडलं. वाकडं बोलली असती, तर पदर खोचून भांडले असते. चांगलं बोलणाऱ्याशी कसं भांडायचं? सकाळी तिघंही आपापल्या वाटेने जातात. दिवसभर मी, घड्याळ आणि बंद दारं. संध्याकाळी हॉलमधल्या त्या खुर्चीत बसले, की माझा दिवस सुरू व्हायचा. ती खुर्ची सुटली, की मला दिवसच उरणार नव्हता. पण हे सुनेला सांगायचं कोणत्या तोंडाने? मग आपलं डिशवाल्याला विनवून बघितलं.

त्याने काय ऐकायचंय! वायर आत आली, बॉक्सचा हिरवा दिवा लागला.

"आजी, चॅनल कुठले टाकू? जुनी गाणी? जुने सिनेमे?"

"हॉलमध्ये लागतात तेच."

"तेच? मग दुसरा बॉक्स कशाला?" तो मुलाकडे बघत म्हणाला.

मुलगा दारात उभा होता. "तिला हवं ते टाका," म्हणाला आणि फोन कानाला लावून निघून गेला. फोन वाजलेला मी तरी ऐकला नव्हता.

संध्याकाळी सुनेने चहा आतच आणून दिला, पाठीला उशी लावली. रिमोट माझ्या हातात. आयुष्यात पहिल्यांदा रिमोट माझ्या एकटीच्या मालकीचा, आणि माझं चित्त सगळं भिंतीपलीकडे. मालिका सुरू झाली. थोड्या वेळाने हॉलमध्ये तिघं खदखदून हसले. मी पडद्याकडे बघितलं, तर हसण्यासारखं काहीच नव्हतं. मग क्षणभराने माझ्या पडद्यावर हवालदाराची टोपी पडली. माझा नवा बॉक्स हॉलमधल्यापेक्षा जरासा मागे चालत होता! मला इतकं हसू आलं. जिने सगळ्यांना आधी सांगितलं, तिलाच आता हॉलमधून सगळं आधी कळत होतं. पण हे हसू दाखवायचं कुणाला? पलंगाला?

शेवट जवळ आला. हॉलमधून नात किंचाळली, "अय्या! मामा?" माझ्या पडद्यावर पोलीस अजून जिनाच चढत होते. मग त्यांनी दार उघडलं, आणि आत मामा.

मी तडक उठले. पाठ विसरले, चप्पल विसरले. 'म्हटलं नव्हतं मी?' एवढंच म्हणायचं होतं.

हॉलमध्ये गेले, तर मुलाने टीव्हीचा आवाज बंद केला. "काय गं आई? बॉक्स बंद पडला का तुझा?"

माझ्या खुर्चीवर सून पाय टाकून बसली होती. बिचारी दिवसभर उभी असते दुकानात. तिने घाईघाईने पाय खाली घेतले. "या ना आई, बसा." मनापासून म्हणाली, खोटं कशाला सांगू! पण नात माझ्या तोंडाकडे बघत होती. आता ही काय बोलणार, म्हणून ओठ घट्ट मिटून बघत होती.



"नको गं. पाणी घ्यायला आले होते. माझं चालू आहे आत."

पाणी घेतलं, आत आले, पलंगावर बसले. हॉलमधला आवाज अजून बंदच होता. मला कळेना, हे थांबलेत कशासाठी? मग कळलं.

मी उठले आणि दार लावून घेतलं. मग त्यांनी आवाज सुरू केला.