मत्स्यमाउलीचा उपास

एकोणऐंशी सालच्या जानेवारीत दर मंगळवारी टिमकीतल्या बाबारावच्या घरापुढे चपलांचा खच पडू लागला. पाचपावलीपासून थेट कन्हानपर्यंतची माणसं येत. कुणाला दमा, कुणाला फेफरं, कुणाची कूस उजवत नव्हती. बैठकीत टेबलावर चार फुटी काचेची टाकी, टाकीवर झेंडूच्या माळा, आणि पाण्यात वीतभर लांबीचा एकच मासा. शेपटीच्या बुडाशी काळा गोल ठिपका, त्याला भगवी कड. तो म्हणे तिसरा डोळा.

"पाहा, लोकहो!" बाबाराव पितळी घंटा हलवत सांगे. "आखाडात माउली बोटाएवढी होती. लालभडक, कुंकवासारखी. आज पाहा! तेव्हापासून माउलीले उपास हाय. अन्नाचा कन नाही, पान्यातला किडा नाही. मंग वाढते कशी? तुमचे रोग खाऊन वाढते! पिडा पोटात गेली, का लाल रंग काळा पडते!"

तेवढ्यात मासा वर आला आणि तोंड उघडून त्यानं हवेचा घोट घेतला.

"माणसावानी श्वास घेते वं माय!" एक बाई ओरडली आणि गर्दीनं हात जोडले.

त्या गर्दीत वामनराव बायकोला, गोपिकाला, घेऊन उभा होता. वामनराव सीताबर्डीच्या एका छापखान्यात खिळे जुळवी, आणि बाबाराव त्याच छापखान्यात पुस्तकं बांधी. वीस वर्षं दोघांनी एका डब्यातून जेवण केलं होतं. वामनरावचा बाप गेला तेव्हा तिरडीला पहिला खांदा बाबारावनं दिला होता. वामनरावला देवाधर्माचा फारसा नाद नव्हता. त्याचा विश्वास माशावर नव्हता, माशामागे उभ्या असलेल्या माणसावर होता.

गोपिकाला ऑक्टोबरात क्षय निघाला होता. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या आणि इंजेक्शनं तीन महिने झाली होती. ताप गेला होता, अंगावर थोडं मांस आलं होतं. पण गोळ्यांनी पोटात ढवळे, तोंडाची चव जाई. बाबारावनं तिचा हात धरून टाकीच्या डाव्या कोपऱ्यात काचेवर टेकवला. मासा तीरासारखा तिकडे झेपावला.

"पाहिलं का? वहिनीचा रोग ओढून राहिली माउली!" मग तो वामनरावच्या कानाशी आला. "वामन, एक सांगतो. दवाई चालू राहिली तं माउलीच्या पोटात जहर जाते. दोन-दोन इलाज नाही चालत गा."

वाटेत गोपिका म्हणाली, "डॉक्टर तं म्हणत होते, दीड वर्ष गोळ्या खा लागते. बरं वाटलं तरी सोडू नका म्हणे."

"बाबाराव आपल्या वाईटाचं सांगन का?" वामनराव म्हणाला.

"मले भेव वाटते."

"मी हावो ना."

त्याच संध्याकाळी त्यानं गोळ्यांच्या पुड्या चुलीत टाकल्या. गोपिका दारात उभी राहून पाहत होती.

मार्चपर्यंत सगळं ठीक होतं. बाबाराव प्रत्येक मंगळवारी तिला पुढे उभी करून सांगे, "पाहा, हिचा टीबी माउलीनं गिळला!" एप्रिलात खोकला परत आला. "रोग बाहेर पडून राहिला, घाबरू नको," बाबाराव म्हणाला. जूनमध्ये तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. "माउलीची परीक्षा हाय." आणि ऑगस्टच्या एका सकाळी तिनं मोरीत तोंड धुताना रक्ताची गुळणी टाकली.

वामनरावनं रिक्षा बोलावली आणि सरळ धंतोलीतला एक खाजगी दवाखाना गाठला. बाहेरच्या बाकावर खेड्यापाड्यातून आलेले रोगी दाटीवाटीनं बसले होते. त्यांच्यात, आपल्या पोरीला मांडीवर घेऊन, एक्स-रेचं पाकीट हातात धरून बाबाराव बसला होता.

दोघांची नजरानजर झाली. बाबाराव अर्धवट उठला, पुन्हा बसला.

"काय झालं पोरीले?" वामनरावनं विचारलं.

"दोन आठवडे झाले, खोकला हाय... ताप..."

"मंग इथं काहून? माउली तं तुह्याच घरी हाय."

बाबारावनं पाकीट पाठीमागे सरकवलं.

"तुह्या पोरीले डॉक्टर," वामनराव हळू म्हणाला, "अन् माह्या बायकोले मासा?"

बाकावरचे लोक वळून पाहू लागले. गोपिका भिंतीला टेकून उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

डॉक्टरांनी जुना आणि नवा एक्स-रे शेजारी शेजारी धरले. "पहिल्या तीन महिन्यांत ही सुधारली ती गोळ्यांनी. जंतू दबले होते, मेले नव्हते. औषध सोडलं, ते पुन्हा माजले. आता जुन्या गोळ्यांना ते दाद देतील की नाही, सांगता येत नाही. कुणी सांगितलं बंद करायला?"

वामनरावनं भरतीच्या कागदावर सही केली.

गोपिकाला भरती करून तो कपडे न्यायला घरी आला आणि पायरीवरच बसून राहिला. गल्लीत कन्हानची प्रयागबाई मासोळीची पाटी घेऊन आली होती. वीस वर्षं ती या भागात मासे विके.

"काहून असा बसला गा, भाऊ?"

त्यानं सगळं सांगितलं. बाबारावच्या घरचा मासा किती मोठा, रंग कसा बदलला, ठिपका कुठे, हवा कशी घेतो, डाव्या कोपऱ्यात हात टेकला की कसा झेपावतो. ऐकता ऐकता प्रयागबाईनं पाटी खाली ठेवली.

"अगा, ते तं मरळ हाय! मरळीची पिल्लं लालच राहतात. वाढली का काळी पडतात. शेपटीपाशी डोयाही राहते. अन् हवा नाही घेतली तं मरळ पान्यात बुडून मरते. आमच्या कन्हानच्या पोट्ट्यायलेही माईत हाय."

"पण खात तं काहीच नाही. उपास..."

प्रयागबाईनं कपाळावर हात मारला. "त्याच्या मांगच्या दारी मंगळवार सोडून मी रोज पावशेर जिती, वळवळती मासोळी देतो, भाऊ. त्याची बायको म्हणे, घरी रस्सा लागते. रस्स्याले जिती काहून पायजे, मी कधी पुसलंच नाही. मरळ लय हावरी. दुसऱ्या मासोळ्या खाते, बेंडूक खाते, आपल्याच जातीचं पिल्लूही सोडत नाही."

पुढच्या मंगळवारी बैठक नेहमीसारखी भरली होती. टाकीतला मासा आता हातभर झाला होता, त्याला नीट वळताही येत नव्हतं. बाबाराव घंटा हलवत होता, आवाज मात्र पूर्वीइतका चढत नव्हता. वामनराव आणि डोक्यावर पाटी, हातात लोटा घेतलेली प्रयागबाई गर्दीतून वाट काढत पुढे आली.

प्रयागबाईनं कुणाला विचारलं नाही, ती थांबलीही नाही. तिनं डाव्या कोपऱ्यात काचेवर हात टेकवला. मासा झेपावला.

"मले कोनता रोग हाय गा, बाबाराव? मी तं धडधाकट हावो." तिनं लोकांकडे तोंड केलं. "याच कोपऱ्यातून याले रोज खायाले भेटते. मंगळवारी उपाशी ठेवते हा. हात दिसला का खाणं आलं, असं वाटते त्याले!"

आणि तिनं पाटीतली एक जिवंत मासोळी वरून सोडली. पाण्यात फटका बसला. मासोळी गायब. दुसरी सोडली, तीही गेली. तिसरीची शेपटी क्षणभर त्या रुंद जबड्याबाहेर वळवळली आणि आत ओढली गेली.

"उपास सुटला माउलीचा!" मागून कुणीतरी म्हणालं. पण हसलं कुणी नाही.

मग प्रयागबाईनं लोट्यावरचं फडकं काढलं. आत बोटाएवढी लालभडक पिल्लं. "काल नदीत सापडली. घ्या, चाळीस माउल्या. घरोघरी न्या. वर्षभर मासोळी चारा अन् काळ्या करा."

लोक लोट्यात वाकून पाहत होते. एक म्हातारा बाबारावला म्हणाला, "माह्या नातवाचं फेफऱ्याचं औषध बंद केलं मी. तुह्या सांगण्यावरून." तो एवढंच म्हणाला आणि भिंतीला धरून बाहेर गेला.

गर्दी ओसरल्यावर बाबाराव टाकीपाशी खाली बसला. "वामन, मी शौकानं आणला होता गा. लाल दिसला म्हणून चार गोल्डफिशसंगं सोडला. वाढता वाढता त्यानं चारही खाल्ले. लालचा काळा होताना पाहून शेजारच्या बाईनं हात जोडले. मंग दुसरीनं. लोक पाया पडाले लागले. छापखान्यात मले कोन विचारत होतं? इथं जज-वकील रांगेत उभे राहत. थांबताच नाही आलं."

"गोपिकाच्या गोळ्या बंद करताना तुले माईत होतं का, मासा कायच्यानं वाढते?"

बाबाराव रडू लागला. वामनराव उत्तराची वाट पाहत उभा राहिला. मग तो निघाला, आणि पुन्हा त्या घराची पायरी कधी चढला नाही.

दवाखान्यात गोपिकाला नवी, महागडी, जास्त कडू औषधं सुरू झाली होती. एक फुप्फुस कायमचं अधू राहणार होतं. वामनरावनं तिला मरळीची, पिल्लांची, प्रयागबाईची सगळी हकिकत सांगितली. शेवटी म्हणाला, "वीस वर्षाचा दोस्त, गोपिका. त्यानं मले फसवलं."

गोपिका छताकडे पाहत होती. "बाबाराव भाऊजीनं तुमाले फसवलं," ती म्हणाली. "मले कोनं फसवलं?"

ती पुढं म्हणाली, "मी इचारलं होतं तुमाले. मले भेव वाटते म्हटलं होतं."

दोन वर्षं लागली तिला हिंडू-फिरू लागायला. त्या दोन वर्षांत वामनराव दर मंगळवारी छापखान्यातून अर्धी रजा काढून क्षयाच्या दवाखान्याच्या रांगेपाशी उभा राहू लागला. कुणी बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडायच्या गोष्टी करू लागला, की तो जवळ जाऊन बसे. स्वतःची चूक लपवत नसे. पुड्या चुलीत आपणच टाकल्या, हेही सांगे.

"सांगणारा कितीही जवळचा असो," तो म्हणे, "त्याले पुसा, हे तुले कसं समजलं? त्यानं राग केला तरी पुसा. अन् घरच्या माणसाले भेव वाटत असन, तं पयले त्याचं ऐका. मासा मासोळी खाऊन वाढते. रोग दवाईनं जाते. एवढं समजाले मले माह्या बायकोचं एक फुप्फुस लागलं. तुमचं जाऊ देऊ नका."